पेवावरचं घर

ज्ञानेश्वर मिस्त्रीनं घर घेतलं तेव्हा सारं मोताळा गाव म्हणालं, सुतारानं सुतारासारखंच घर घेतलं. खोटं नव्हतं ते. चांभाराची नजर जोड्यावर, तशी या माणसाची लाकडावर. रामराव गुरुजींचं जुनं धाब्याचं घर पाहायला गेला अन् दारातच भुलला. सागाच्या काळ्याभोर तुळया, एकीलाही वाळवी नाही. शिडी लावून त्यानं एकेक तुळई हातोडीच्या दांड्यानं वाजवली, कान लावून ऐकली, खांबांत पटाशी टोचून पाहिली. पायाखाली मात्र पठ्ठ्यानं एकदाही पाहिलं नाही. अहो, घर घेत होता की लाकूड?

रामराव आता पोराकडे बुलडाण्याला राहत. त्यांनी बोलण्यात आडपडदा ठेवला नाही. "पाहून घे बापा. जसं हाये तसं देऊन राह्यलो. मी एक खिया ठोकून देणार नाही, अन् मांगून कोणी बोंबलत आलं तं ऐकून घेणार नाही."

"लाकूड पाह्यलं, गुरुजी. बाकीचं मी करून घेतो," ज्ञानेश्वर म्हणाला. त्याला वाटलं, एवढं सागवान स्वस्तात घेऊन आपणच गुरुजींना फसवलं.

घाई होती ती बायकोसाठी. लग्न झाल्यापासून तो अन् जयमाला गोजरबाईच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. लेकरूबाळ झालं नाही. दोघांचाच संसार, तोही गोडीचा. मग जयमालाच्या पोटातलं दुखणं वाढलं, अन् डॉक्टरनं ज्ञानेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, जे मागतील ते खाऊ घाला. तिला कोणी काही सांगितलं नाही, पण बाईमाणसाला कळतंच. परतताना एसटीत ती म्हणाली, "मले भाड्याच्या खोलीत मरू देऊ नका. आपल्या दारातून जाऊ द्या."

गल्लीतल्या एका भाडेकरूची म्हातारी गेली तेव्हा घरमालकानं तिची तिरडी मागच्या बोळातून, नालीवरून काढायला लावली होती. ते जयमालानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

खरेदी झाली त्याच दिवशी ती पाठीमागे लागली. "चला ना. चटई टाकून पडीन मी."

"थांब वं जराशी. आधी नीट करू दे. नवरीवानी नेईन तुले."

अन् लागला कामाला. दारं रंधून घेतली, तेल पाजलं, तिच्या खाटेसाठी जागा ठरवली, रस्ता दिसावा म्हणून तिथं नवी खिडकी बसवली. रोज संध्याकाळी येऊन तिला सांगायचा, आज हे केलं, उद्या ते करतो. तीही हसून ऐकायची. तेव्हाच उचलून नेली असती तर! पण मिस्त्रीच तो, काम अर्धवट असताना गिऱ्हाइकाला पाऊल ठेवू देत नसे. बायकोलाही त्यानं तोच कायदा लावला.

श्रावणात झड लागली अन् मधल्या खोलीची फरशी खचली. त्यानं फरशी उचलून पहार मारली, तर पहार मुठीपर्यंत आत गेली. समोरची अंबूबाई तोंडाला पदर लावून दारात उभी होती. ती म्हणाली, "तिथं पेव होतं ना बापा. जवारीचं. माणूस उभा राहीन एवढं खोल. रामरावच्या बापानं कचरा-कडबा टाकून बुजवलं, वरून फरशी घातली. साऱ्या गल्लीले ठाऊक हाये."

"मंग सांगतलं काऊन नाही, मावशी?"

"चालत्या सौद्यात भांजी मारावी काय? पाप लागते."

घ्या! हे आपल्या लोकांचं पुण्य. माणूस खड्ड्यात गेला तरी चालेल, कोणाचा सौदा मोडू नये.

ज्ञानेश्वरनं मुरूम टाकला. आठ दिवसांत तोही खाली गेला. पुन्हा टाकला, पुन्हा गेला. मग मधल्या भिंतीला तडा पडला अन् खांब कलला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथं वासे बिचारे जागेवर होते, जमीनच फिरली होती. हा मात्र ऐकेना. सकाळी फावडं घेऊन जायचा तो दिवस मावळल्यावर यायचा. जयमालाच्या तोंडात पाणी घालायला गोजरबाई होती म्हणून बरं.

एकदा जयमालानं पुन्हा विचारलं. आता आवाज अगदी बारीक झाला होता. "पुढच्या खोलीले तं काही झालं नाही ना? तिथंच ठेवा मले."

तेव्हा खरंच काही झालं नव्हतं. नेता आलं असतं. पण हा म्हणाला, "अशा पडक्या घरात नेऊ काय तुले? लोक हसतीन मले."

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर तिनं नेण्याचं नाव काढलं नाही.

त्या दिवशी मुरमाची ट्रॉली यायची होती. खुंटीवरच्या शर्टात फोन वाजला. ट्रॉलीवाला असेल म्हणून यानं चिखलाचे हात धुतले नाहीत. पुन्हा वाजला, तरी नाही. थोड्या वेळानं गोजरबाईच दारात येऊन उभी राहिली. पायात चप्पल नाही, भरबाजारातून तशीच पळत आलेली.

"ज्ञानू, गेली रे."

फावडं हातातच राहिलं. त्यानं विचारलं, "काही बोलली काय?"

"इचारत होती, आज तरी झालं काय म्हणून." गोजरबाईनं पदर डोळ्याला लावला. "मी म्हणलं, झालं माय. उद्या नेते तुले."

माणसं जमली. ज्ञानेश्वर एकच बोलत होता, "तिकडं नेऊ तिले. तिथून काढू." पण मधली भिंत आता पुढच्या खोलीवर झुकली होती, आत पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती. शेवटी गोजरबाईनं आपल्या घराचं पुढचं दार सताड उघडलं. "माह्या दारातून ने. बोळातून नाही जाऊ देणार मी तिले."

मडकं धरून ज्ञानेश्वर पुढं चालला. गुरुजींच्या गल्लीच्या तोंडाशी तो थांबला अन् म्हणाला, "इकडून." मग आपल्या घरासमोर येऊन उभा राहिला. "विसावा इथं."

"विसाव्याची जागा पुढं हाये बापा," एक म्हातारा म्हणाला. मसणात जाताना तिरडी एकदा खाली टेकवायची, त्याची जागा ठरलेली असते.

"नाही. इथं."

त्याचं तोंड पाहून खांदेकऱ्यांनी जयमालाला दारासमोर, रस्त्यावरच खाली ठेवलं. ज्ञानेश्वरच्या हातात मडकं होतं. त्यानं अंबूबाईला आपल्या खिशातून किल्ली काढून घ्यायला लावली. म्हातारीनं कुलूप काढलं, दोन्ही दारं उघडली, अन् तिथंच मटकन बसून रडू लागली. आत मुरमाचा ढीग होता, कललेला खांब होता, अन् मधोमध खड्डा.

ज्ञानेश्वर गुडघे टेकून तिच्या उशाशी बसला.

"नाही झालं वं," तो म्हणाला. "नाही झालं माह्याच्यानं. तू म्हणली तेव्हाच आणाले पाह्यजे होतं तुले."

मग त्या म्हाताऱ्यानं त्याला दंडाला धरून उठवलं, माणसांनी खांदे बदलले, अन् तिला घेऊन सगळे पुढं निघाले.