स्वच्छ उजेडातलं सांबर

बाहीच्या बटणाशी, दोऱ्याच्या गाठीत अडकलेला एक केस. राठ, बोटभर लांब, मुळाशी करडा आणि टोकाकडे जवळजवळ काळा. अवधूतने तो ओढून पाहिला, निघेना, पुन्हा ओढला, आणि मग ओढणं सोडून दिलं, कारण कॅम्पसची बस आली होती आणि मागची मुलगी त्याच्या पुढे सरकण्याची वाट बघत होती. मानेचा केस असणार. काल त्याने मानेला हात लावला होता, हातमोजा काढून, अजून ऊब होती तिथे... खिडकीशी बसल्यावर त्याने बाही उलटी दुमडली. लपवायला नव्हे. नजरेसमोर नको, एवढंच.

कळवायचं, हे कालच ठरलं होतं. विक्रमच्या गाडीत, पायांवर हीटर आणि विक्रम अखंड बोलत असताना, डोंगर उतरून स्टेट कॉलेज गावाचा रस्ता लागायच्या आतच ते ठरलं होतं, आणि एकदा ठरल्यावर अवधूतला झोपही बरी लागली, याची त्याला स्वतःलाच लाज वाटली. राहिलं होतं ते एवढंच, की सांगायचं काय. लोकांना वाटतं खरं सांगायला धैर्य लागतं. धैर्याचं नंतर बघू, आधी खरं काय ते कळायला नको का?

झालं ते असं. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, ज्या दिवशी इथल्या डोंगरात शाळासुद्धा बंद असतात आणि अर्धी लॅब आजारी पडते. विक्रम पिट्सबर्गकडे जन्मलेला, मराठी घरातला, पण बायको इथलीच. तिच्या वडिलांची जंगलात लाकडी खोली आहे, तिला सगळे कॅम्प म्हणतात. रायफलही त्या सासऱ्यांचीच. अवधूतने रीतसर शिकारीचा कोर्स केला होता, परवाना काढला होता. शिंगं नसलेलं, पांढऱ्या शेपटीचं एक हरीण, मादी चालेल. आणि त्याने मारली एल्कची मादी. हरणाच्याच कुळातली, पण त्याच्या तिपटीहून मोठी. या राज्यातून एकदा समूळ संपलेला, बाहेरून आणून पुन्हा वाढवलेला प्राणी. त्याच्या शिकारीसाठी वेगळी सोडत निघते आणि लोक वर्षानुवर्षं नाव घालून बसतात. वर दोघे ती तशीच टाकून निघून आले. ते तर सरळच वाईट होतं, त्याबद्दल अवधूतच्या मनात दोन मतं नव्हती.

लॅबमध्ये त्याने भट्टीतले नमुने बाहेर काढले, थंड व्हायला ठेवले, हात धुतले. हे सगळं नीट झालं. तेवढ्यात विक्रमचा फोन.

"ऐक, मी खूप विचार केला. तुला कळवायचंच आहे ना? ओके. फाइन. पण फॉग म्हण. मॉर्निंगला फॉग होतंच ना यार, ते काही खोटं नाही."

"सकाळी होतं. गोळी झाडली तेव्हा नव्हतं."

"हू नोज दॅट? तू आणि मी. अवधूत, तू स्टुडंट व्हिसावर आहेस. फॉगमध्ये चूक झाली म्हटलं की ते मिस्टेक धरतात, स्वतःहून आलास म्हणून सोडतात पण थोडक्यात. नीट दिसत होतं म्हणालास तर ते तुला पोचर म्हणतील. मग लायसन्स गेलं, कोर्ट आलं, व्हिसाचं काय होईल ते तूच बघ. आणि रायफल माझ्या सासऱ्यांची आहे. त्यांना मी काय सांगू?"

"तुझं नाव विचारलं तर मी सांगणार, विक्रम. आपणहून नाही सांगणार. विचारलं तर सांगणार."

मग विक्रम म्हणाला, "तुला जायचं तर जा," आणि फोन ठेवला. रागाने नाही ठेवला. तेच जास्त लागलं, कारण विक्रम मनाने चांगला माणूस आहे, आणि परक्या देशात चार वर्षांत ज्यांनी आपल्याला घरी जेवायला बोलावलं अशी माणसं अवधूतला एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती.

धुकं... किती सोपं. धुकं होतंही. पहाटे हेमलॉकच्या झाडांखाली बसल्यावर बुटांची टोकंसुद्धा दिसत नव्हती, आणि नंतर ऊन वर आलं, धुकं ओढ्याकडे उतरत गेलं, आणि समोरचा उतार एकेका झाडासकट, सालीवरच्या शेवाळासकट स्वच्छ झाला. त्या स्वच्छ उजेडात ती आली. जाड खोडाआडून आधी मान, मग खांदा, बाकी अंग झाडामागे. तिने मान वर केली. काळसर तपकिरी, मानेवर दाट आयाळ, कान रुंद, आणि उभं राहण्याची ती ऐट. अवधूतच्या मनात तत्क्षणी शब्द उमटला — सांबर.

हे कुणाला सांगायचं? सांबर इथे नसतंच. कोर्समध्ये पडद्यावर चित्रं दाखवली होती, हरीण कुठलं, एल्क कुठला, मागचा फिकट पिवळसर भाग बघा, आकार बघा, आणि अवधूतचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. कोर्स शिकवणाऱ्याने पाठ थोपटली होती. पण पडद्यावरच्या चित्राला जंगलाचा वास नसतो. आणि खरं तर पांढऱ्या शेपटीची ती इथली हरणं त्याला कधी पटलीच नव्हती. रस्त्याकडेला, लोकांच्या अंगणात, शेळीएवढी, झुडपं कुरतडत उभी. हरीण म्हणजे कसं असावं याचं एक माप चंद्रपूरकडच्या जंगलात लहानपणीच त्याच्या डोळ्यांत बसलं होतं. बाबा तिथे रेंजर. जीपच्या पुढच्या काचेतून, पाणवठ्यावर, मान वर करून उभी असलेली सांबराची मादी. बाबा इंजिन बंद करायचे, आणि कुणी बोलायचं नाही.

त्या घरात बंदुका होत्या, पण जप्त केलेल्या. ऑफिसच्या कोपऱ्यात चिठ्ठ्या बांधून उभ्या. हात लावायचा नाही. मी कधी लावला नाही. माझ्यासारखा आज्ञाधारक मुलगा शोधून सापडला नसता. आणि इथे येऊन, रीतसर परवान्याने पहिल्यांदा बंदूक धरली, तर समोर आलं सांबर... मला दिसलं सांबर. मग परवाना काय कामाचा? एल्कच्या जागी मला परवान्यातलं हरीण भासलं असतं तर ती चूक. मला तर असं जनावर दिसलं होतं, ज्याच्यावर माझ्या बापाने जन्मभर कुणाला बंदूक रोखू दिली नाही. आणि मी चाप ओढला.

दुपारी कॉरिडॉरच्या टोकाला, फोनकार्डवरचा लांबलचक नंबर दाबून त्याने घरी फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं झाली असतील.

"काहून रे, आज मधेच?" जगन्नाथरावांचा आवाज निवृत्त झाल्यापासून थोडा मऊ झाला आहे, पण थोडाच.

"बाबा, ते गुरुनाथ मास्तर आठवतात?"

"आठवतात ना. तुरीच्या शेतात सांबर मारलेलं त्यानं. डुक्कर समजून."

"खोटं बोलत होते का ते?"

"नाही. डुक्करच दिसलं असन त्याले. रात्रंदिवस डुकरांनी शेत खाल्लेला माणूस तो, दुसरं काय दिसणार."

"आणि स्वतः आले होते ना तुमच्याकडे? मग केस का केली?"

"सांबर मेलं होतं ना पण," बाबा म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता, किंवा पुरता कळला होता. मास्तरांची नोकरी गेली होती. आई तेव्हा बाबांशी आठवडाभर बोलली नव्हती, आणि अवधूत मनातून आईच्या बाजूचा होता.

"बाबा, काल मी सांबर मारलं."

"तिथं कुठून आलं सांबर?"

मग त्याने सांगितलं. सगळं, टाकून आल्याचंही. बाबांनी मधे एकदाच विचारलं, "नीट दिसत होतं?" आणि तो म्हणाला, "हो बाबा, नीट दिसत होतं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "थंडी असन तिकडं," आणि मग, "साहेबाकडे जाशील तर टोपी काढून बोल. आणि जेवून जा."

तो जेवला. रूमवर सोबत राहणारा अंकुर कुकर उतरवत होता. अंकुर पक्का शाकाहारी, "काय शिकारी, आमच्या वाटणीचं काही आणलं का?" म्हणून हसला, आणि अवधूतचा चेहरा पाहून वरण वाढायला लागला. जेवण झाल्यावर अवधूतने गेम वॉर्डनच्या, म्हणजे शिकारीवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसला फोन केला. नाव, जागा, काय मारलं ते. मग आपली जुनी कोरोला काढून तो डोंगराच्या रस्त्याला लागला, रेडिओ न लावता.

वॉर्डन साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस होता. दोघे उतार उतरून गेले. ती तिथेच होती, कोल्ह्यांनी पोटाकडून थोडी खाल्लेली, अंगावर बर्फाचा पातळ थर, आणि तो फिकट पिवळसर मागचा भाग आता इतका ठळक, की कुणी शेंबडं पोरही ओळखेल. टोपी काढायची आहे हे अवधूतच्या लक्षात आलं. त्याने काढली. कानांना थंडी झोंबली. वॉर्डनने जखम पाहिली, गोळी कुठून आली असेल तिकडे पाहिलं, अवधूत बसला होता त्या झाडापर्यंत चालत गेला आणि तिथून वळून समोर बराच वेळ बघत राहिला. मधे एक फांदीसुद्धा नव्हती.

"काल सकाळी इकडे धुकं होतं म्हणतात," परत येऊन तो म्हणाला. आवाजात सापळा नव्हता. उलट थोडी दयाच होती. दार उघडून धरावं तसं त्याने ते वाक्य धरलं होतं.

"पहाटे होतं," अवधूत म्हणाला. "नंतर गेलं. मला नीट दिसत होतं."

वॉर्डनने त्याच्याकडे पाहिलं. मग पेन काढून, बोटांवर फुंकर मारून, विचारलं, "काय आहे असं वाटलं तुला?"

हरीण. एवढं म्हटलं तरी भागेल. तेही अगदीच खोटं नाही. दिवसभर तो याच प्रश्नाला भीत होता, आणि आता तो आल्यावर भीती कुठे दिसेना. या माणसाला सांबर माहीत नसणार. म्हणजे जंगलापासून सुरुवात करावी लागेल, जीप, पाणवठा, बाबांनी बंद केलेलं इंजिन... आणि तिथवर सांगून थांबता येणार नाही, कारण तिथवर ऐकणाऱ्याला माझी कीवच येईल. बिचारा, घरची आठवण आली. पुढचंही सांगायला हवं. मान वर झाली तेव्हा मला काय झालं ते. मी घाबरलो नव्हतो, गोंधळलो नव्हतो. मला आनंद झाला होता. या देशात आल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याच आनंदात, हात जराही न थरथरता, मी गोळी घातली. का, ते मला माहीत नाही. ती चूक होती की गुन्हा, हेही मला माहीत नाही, पण आता ते ठरवण्याचं काम एकट्या माझं उरलं नव्हतं.

"सांगतो," तो म्हणाला. "पण जरा वेळ लागेल."

वॉर्डनने मान हलवली आणि तो ऐकायला उभा राहिला. अवधूत इंग्रजी शब्द जुळवू लागला, शांतपणे, सगळ्यात अवघड शब्द, त्या आनंदाचा, आधी.