सात नंबरचे काका

फ्रेम ०

रोल भरताना पहिला तुकडा उजेडात जळतो, म्हणून इथे अर्धंच चित्र आहे. टायरच्या दुकानावरचा हॉल, वीस खुर्च्या, चाळीस माणसं आणि दोरीला चिमट्यांनी लटकवलेले ओले फोटो. प्रत्येक फोटोत एक जिवंत माणूस बसलेला आणि त्याच्या खांद्यामागे एक मेलेला, धुरकट, पण नक्की ओळखू येईल असा. कुणी रडतंय. कुणी हात जोडतंय. एक गृहस्थ फोटोत वडील दिसताच शर्टाचं वरचं बटण लावतोय.

माझी काकू सात नंबरच्या फोटोसमोर उभी. फोटोत तिच्या मागे काका. जाऊन पाच महिने झालेले.

"आले गं," काकू म्हणाली. "केस विंचरून आले."

फ्रेम १

तर हे छायाबाबा. गळ्यात जुना फिल्म कॅमेरा, आवाजात मध. त्यांचं म्हणणं असं की आत्मा चांदीवर बसतो. फिल्ममध्ये चांदी असते, मोबाईलमध्ये नसते, म्हणून मोबाईलमध्ये नातेवाईक येत नाहीत, फक्त त्यांचे मेसेज येतात. हॉल खळखळून हसला. माणूस विनोदी होता, नाही कशाला म्हणू? आणि फिल्ममध्ये चांदी असते हेही खरंच. खऱ्याच्या शेपटीला खोटं बांधलं की ते लांबवर पळतं.

नियम दोनच. गेलेल्या माणसाचा एक फोटो आठ दिवस आधी जमा करायचा, आत्म्याची ओळख पटायला. आणि टोकनच्या क्रमानेच खुर्चीत बसायचं. वरती आत्मे रांगेत उभे असतात, नंबर चुकला तर रुसतात. मेल्यावरही रांग चुकत नाही हे ऐकून मला मरणाची पहिल्यांदाच खरी भीती वाटली.

फ्रेम २ (जराशी हललेली)

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. ते पोटासाठी. जिवासाठी जुने कॅमेरे. हे वेड मला काकांनी लावलं. जुन्या बाजारात चादरीवर मांडलेल्या गंजक्या कुलपांत आणि फुटक्या रेडिओंत ते कॅमेरा असा शोधायचे, जसं गर्दीत हरवलेलं मूल. भिंगाला बुरशी, शटरचा पडदा अडकलेला, कातडी पिशवीला ओल्या बुटांचा वास. तरी घ्यायचे. घरी आणून आधी कानाशी धरायचे, सगळ्यात मंद वेगावर ठेवून कळ दाबायचे. खर्रर्र-टक.

"अजून श्वास घेतोय," म्हणायचे.

यावर काकू विचारायची की माझं बीपी कधी इतक्या मायेने तपासलंत का.

असे अकरा कॅमेरे. त्यांतला लाडका सगळ्यात बिघडलेला. मागच्या झाकणाचा फोम झिजून फट पडलेली, उजेड आत शिरायचा आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी एक तिरकी पांढरी पट्टी उमटायची. मी दहा मिनिटांत दुरुस्त केला असता. काकांनी हात लावू दिला नाही. ती त्याची सही आहे, म्हणायचे.

फ्रेम ३ आणि ४ (रोल सरकवायचा राहिला, एकावर एक उमटल्या)

हॉलमध्ये बाबा काकांच्या फोटोवर बोट ठेवतायत. घरी काकू ओट्यावर अकरा कॅमेरे मांडतेय. बाबा म्हणतात, बघा, खांद्यावर ही पांढरी पट्टी, हे बंधन आहे. काकू फडक्याने एकेक पुसतेय, भांड्यांसारखे. बाबा म्हणतात, यांचा जीव कॅमेऱ्यांत अडकलाय, रविवारी सगळे माझ्याकडे आणा, निरोपाचा एक फोटो काढून मी मोकळं करतो. काकू खोक्यात आधी जुना टॉवेल घालतेय, म्हणजे त्यांना लागणार नाही. बाबा म्हणतात, मागची झाकणं मात्र उघडू नका, जीव वाटेतच सांडेल. काकू खोक्याला सुतळी बांधतेय. घट्ट.

फ्रेम ५

काळी. इथे मी काकूशी भांडले. भिंगावर टोपी तशीच होती, काही उमटलं नाही.

फ्रेम ६

दुसऱ्या दिवशी मी आवाज खाली ठेवून बोलले. तिला म्हटलं, ही पट्टी कॅमेऱ्याच्या फटीतली आहे. बाबाला तू दिलास तो फोटो त्याच कॅमेऱ्यातला, त्यावर ती आहेच. बाबाने त्या फोटोचाच फोटो काढलाय. काका मरताना कॅमेऱ्याची फट बरोबर घेऊन गेले का?

"का नाही नेणार?" काकू म्हणाली. "लाडका होता."

झालं. माझा सगळ्यात पक्का पुरावा तिने बाबाच्या पारड्यात टाकला. मी कपाळावर हात मारला आणि ती चहा ठेवायला उठली. पाठमोरी असताना म्हणाली की तुला कळत नाही. मीच त्यांना ओरडायचे, हा पसारा टाका म्हणून. आता तेच त्या पसाऱ्यात कोंडले असतील तर?

म्हणजे दुखणं इथे होतं. मी मग कॅमेऱ्याचं काहीच बोलले नाही. एवढंच म्हटलं, रविवारी निरोपाचा फोटो आहे ना, त्या वेळी आपलं टोकन कुणाशी तरी बदलू. काका खरंच येत असतील तर नंबर बघून येतील का तुला बघून?

काकूने बराच वेळ चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती.

"चाळीस वर्षं मी बाजारात हरवले की हे मला शोधून काढायचे," ती म्हणाली. "बदल टोकन."

फ्रेम ७

रविवार. खोकं काकूच्या मांडीवर. आठ नंबर एका शिंप्याकडे होता, तो बायकोच्या आग्रहाने सासूबाईंना भेटायला आलेला. अदलाबदल म्हटल्यावर त्याने कारणसुद्धा विचारलं नाही. सासूबाईंपासून एक नंबर लांब जायला मिळतंय, एवढं त्याला पुरेसं होतं.

टोकन तपासणाऱ्या बाईंनी आकडे पाहिले, तोंडं नाही. शिंपी सातवा बसला. काकू आठवी. काळ्या पडद्यापुढे वीसही जण बसून झाले. बाबा काळ्या पडद्यामागच्या खोलीत गेले. दीड तास पाण्याचा आवाज.

फ्रेम ८

फोटो लटकले.

काकूच्या मागे जाड चष्म्याच्या, ओठ आवळलेल्या एक अनोळखी बाई. शिंप्याच्या मागे काका. केस विंचरलेले, पट्टीसकट, अगदी प्रेमाने शिंप्याच्या मानेकडे बघणारे.

बाबा क्षणभर गडबडले, मग मध पुन्हा वाहू लागला. म्हणाले, वरती गर्दी फार असते, कधी कधी आत्म्याचा माणूस चुकतो.

शिंपी काकूच्या फोटोजवळ जाऊन आला. त्याचा चेहरा गंभीर होता.

"माझ्या सासूबाई," तो म्हणाला, "माणूस चुकणाऱ्यातल्या नव्हत्या."

आधी एक बाई हसली. मग बटणवाला गृहस्थ. मग सगळा हॉल असा हसला की खालचा टायरवाला वर बघायला आला. काकू हसत नव्हती. ती शिंप्यामागच्या काकांकडे बघत होती.

"मी शेजारच्याच खुर्चीत होते," ती हळूच म्हणाली. "आणि हे आकडा बघून गेले."

फ्रेम ९ (इथे उजेड भरपूर)

ती उठली आणि तिनेच आतल्या खोलीचा पडदा सारला. टेबलावर काळं मखमल. त्यावर आमचेच जमा केलेले फोटो ओळीने, एक ते वीस, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी.

मी बाबांचाच कॅमेरा हातात घेऊन सगळ्यांना सांगितलं. आधी या वीस फोटोंचे याच क्रमाने फोटो काढायचे. काळ्या भागाचा फिल्मवर काहीच परिणाम होत नाही, ती जागा कोरी राहते. मग रोल उलटा गुंडाळायचा, खूण जुळवून पुन्हा भरायचा आणि त्याच फिल्मवर जिवंत माणसं त्याच क्रमाने टिपायची. सातवर सात, आठवर आठ. रुसण्याचा नियम आत्म्यांचा नव्हता, रोलचा होता.

बाबा म्हणाले की विज्ञान वेगळं आणि श्रद्धा वेगळी. हे म्हणताना ते जिन्याकडे सरकत होते. वाटेत टायरवाला उभा होता, आणि तो बाजूला होणाऱ्यातला नव्हता. जमा केलेले सगळे फोटो परत देईपर्यंत बाबा एक ते वीस नंबर क्रमाने पुकारत बसले.

फ्रेम १०

काकूने सुतळी सोडली. पहिला कॅमेरा घेतला, मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं. दुसरा. तिसरा. चाळीस माणसं माना लांब करून बघत होती. एकात फोमचा चुरा निघाला. एकात मेलेला किडा. अकराव्याच्या फटीतून खिडकीचा उजेड तिच्या बोटावर पडला.

"कुणी कोंडलेलं नाही," ती म्हणाली. आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तिने पूर्ण श्वास सोडला.

वाचकहो, म्हणणं एवढंच. जी पेटी उघडू नका म्हणून तुम्हाला सांगतात, ती आधी उघडा. जो नियम मोडू नका म्हणतात, तो एकदा गंमत म्हणून मोडून बघा. दुःख तुमचं खरं असतं, म्हणूनच त्यावर कुणालाही दुकान थाटू देऊ नका. विचारा. शेजाऱ्यालाही विचारायला लावा.

फ्रेम ११

मग मी त्या फटीच्याच कॅमेऱ्यात रोल भरून काकूच्या हातात दिला. चाळीस वर्षं ती भिंगापुढेच उभी राहिली होती, मागे कधी नाही. सगळा हॉल जिन्यावर जमला, शिंपी मधोमध, टायरवाला कोपऱ्यात. काकूने एक डोळा मिटला, मग चुकून दुसराही, आणि कळ दाबली.

फोटो आला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. चाळीस माणसं, आणि एकाचंही डोकं चौकटीत नाही. ज्या दिवशी सगळ्यांनी ते वापरलं, त्याच दिवशी.

काकू म्हणते, पुढचा रोल भर.