एकशे एकोणचाळिसावं पान

मंगळवारी दुपारी आमचे हे पुस्तकात गेले. पान एकशे बारा, डावीकडचं छायाचित्र, तांबड्या वाळूच्या टेकड्या. चपला टेबलाखालीच राहिल्या.

मी गावच्या वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. अच्युतराव, म्हणजे माझे यजमान, शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी माझा डबा घेऊन यायचे आणि डबा उघडायच्या आधी ती पुस्तकं उघडायचे. आफ्रिकेतल्या एका वाळवंटी देशाबद्दलची सात जाडजूड इंग्रजी पुस्तकं. तिथली जनावरं, तिथली जमीन, तिथली माणसं. गावातल्या एका डॉक्टरांनी परदेशातून येताना आणून भेट दिलेली. त्या दिवशी भाकरी गार झाली, पिठल्यावर पापुद्रा धरला, तरी ह्यांची नजर काही वर होईना. मी म्हटलं, "एवढं आवडतंय तर तिकडेच जा की राहायला."

"बरं," ते म्हणाले.

चौतीस वर्षांत त्यांनी माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही. आता काय म्हणावं या माणसाला.

फोटोत ते बोटाच्या नखाएवढे दिसत होते. डोक्यावर टोपी, हात मागे बांधलेले, उजवीकडे चाललेले. मी पानाला कान लावला. वाळूत पावलं पडल्याचा आवाज येत होता.

"अहो, माघारी फिरा," मी म्हणाले.

"फिरता येत नाही गं. वाट पुढेच जाते. पाणी कुठे आहे ते जरा बघून सांग."

मीही जायला निघाले. कपाळ पानावर टेकवलं, डोळे मिटले. पान कडकच राहिलं. आमच्याकडे कर्मचाऱ्याच्या नावाने सभासदाचं कार्ड काढत नाहीत. ह्यांच्या नावाचं होतं.

मग मी पाणी शोधायला पुढची पानं उलटली. एकशे एकोणचाळीसवर पाणी होतं. सत्तावीस पानं म्हणजे त्यांच्या चालीने शनिवार उजाडणार. मी ते पान नीट उघडलं आणि पाण्यावर आमचा शिक्का दिसला.

प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. कोणी पुस्तक पळवलं, पहिलं पान फाडलं, तरी आपलं आपल्याला ओळखता यावं म्हणून आत एका ठरलेल्या पानावर शिक्का मारून ठेवतात. आमचं गुप्त पान एकशे एकोणचाळीस. नऊ वर्षांपूर्वी ही पुस्तकं आली तेव्हा शिक्के मीच मारले. त्या पानाला समास नव्हता, कडेपर्यंत फोटो. शिक्का स्वच्छ उठावा म्हणून मी फोटोतली उजळ, मोकळी जागा शोधली. ती जागा म्हणजे पाणी. या काठापासून त्या काठापर्यंत वाचनालयाचं नाव जांभळ्या गोलात बसलं होतं. शिक्का किती छान उठला म्हणून तेव्हा मी खूश झाले होते, तेही मला आठवलं.

भोवती लांब सरळ शिंगांची हरणं, शहामृग, शेळ्या आणि एक कुटुंब. सगळ्यांच्या माना खाली. पीत कोणीच नव्हतं.

मी कान लावला. "पाणी का पीत नाही कोणी?"

"शिक्का आहे," शेळ्यांजवळ बसलेली एक म्हातारी म्हणाली. तिच्या अंगाला लाल मातीचा लेप होता. "तोंड लावलं की कागद लागतो."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली."

"मराठी कुठे शिकलात?"

"तुमच्याच कपाटात आहोत ना, बाई. कानावर पडतं."

मी तिला ह्यांच्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "पोटभर प्यायला मिळालं तर इथून बाहेर निघता येतं. नाही मिळालं तर आमच्यासारखं."

तिला माझा राग आला असता तर बरं झालं असतं. मलाच माझा राग आला. मी उरलेली सहाही पुस्तकं काढून पाहिली. सगळ्या पुस्तकांत पाणी एकाच पानावर होतं, एकशे एकोणचाळीसवर. सगळे शिक्के माझ्या हातचे. एकही तिरका नाही.

बुधवारी ते एकशे सोळाव्या पानावर दिसले. मी फुलपात्रातलं पाणी चार बोटांनी शिंपडलं. पान फुगलं, टेकड्यांमधून लोंढा आला, ह्यांच्या छातीपर्यंत चढला, आणि त्यांनी ओंजळ करेपर्यंत वाळूने सगळं पिऊन टाकलं.

"अगं, वरून टाकू नकोस," ते म्हणाले. "कोणाच्या तरी दोन शेळ्या वाहून गेल्या."

गुरुवारी मला त्या किड्यांची आठवण झाली. ह्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. त्या वाळवंटात काळे किडे असतात, ते पहाटे डोक्यावर उभे राहतात आणि पाठीवर जमलेलं धुकं ओघळून तोंडात येतं ते पितात. एकशे एकविसाव्या पानावर किडे होते आणि हेही होते. चष्मा पुसताना काचेवर वाफ घालतात तशी मी पानावर घालायला लागले. किडे भराभर डोक्यावर उभे राहिले. ह्यांनाही प्रयत्न करताना पाहिलं. मणक्याचं दुखणं, कुठलं जमतंय. त्यांनी मनगट चाटलं, शर्टाची बाही चोखली. दुपारभर मी वाफ घालत होते, शेवटी डोळ्यांपुढे अंधारी आली. काउंटरवर पुस्तक बदलायला आलेली माणसं ताटकळून निघून गेली.

पुण्याहून आमच्या ऋताचा फोन आला. "बाबा कुठे आहेत गं?"

"वाळवंटात."

"बरं. आले की फोन करायला सांग."

शुक्रवारी मी ब्लेड घेतलं. आधी दुसऱ्या पुस्तकावर करून पाहावं म्हणून जनावरांचं पुस्तक काढलं आणि शिक्का खरवडला. शाईखाली कागद होता, आणि कागदाखाली पलीकडच्या पानाची वाळू. ती माझ्या मांडीवर सांडायला लागली. एका शहामृगाचा पाय भोकात अडकला. तो ओरडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी ब्लेड खाली ठेवलं आणि तोंडात पदर कोंबून रडले.

त्या दिवशी हे दिसलेच नाहीत. एकशे तीसपासून पुढे सगळा मजकूर होता, फोटो नाही. अक्षरांच्या झुडपांत कुठेतरी असणार. मी एकेका ओळीला कान लावत गेले. एकशे चौतीसवर, खालून तिसऱ्या ओळीत, खोकला ऐकू आला.

आता एकच उपाय उरला होता. पुस्तक संग्रहातून काढायचं असलं की गुप्त पानावरच्या शिक्क्यावर बरोबर वरून 'रद्द'चा शिक्का मारतात. मग वाचनालयाचा हक्क सुटतो. तो शिक्का आमचे कार्यवाह तगारेसाहेब यांच्या खणात असतो. ही सात पुस्तकं तीन वर्षं त्यांच्या काढून टाकायच्या यादीत होती आणि तीन वर्षं मीच ह्यांच्यासाठी ती अडवून धरली होती. शनिवारी सकाळी मी तगारेसाहेबांपुढे जाऊन उभी राहिले.

"ते वाळवंटाचं पुस्तक रद्द करायचंय," मी म्हणाले. "एकच. आत्ता."

"अखेर पटलं म्हणायचं," ते म्हणाले. "सातही करू. शब्बीर रद्दीवाला खाली आलेलाच आहे."

"रद्द झालं की मला दहा मिनिटं हवंय."

"खासनीस बाई, रद्द झालेलं पुस्तक टेबलावर ठेवता येत नाही. कर्मचाऱ्याला देता येत नाही. नियम तुम्हीच टाइप केलाय."

"आमचे हे आत आहेत."

"त्यांचं कार्ड जमा करून घ्या," तगारेसाहेब म्हणाले आणि खण उघडला.

मी पान उघडलं. हे पोचले होते. टोपी गेलेली, ओठ फुटलेले, काठावर गुडघे टेकून शिक्क्याकडे बघत होते. मी लाल शाईत शिक्का बुडवला आणि जांभळ्या गोलावर दाबला. हात अजिबात हलू दिला नाही. उचलला तेव्हा तांबडं आणि जांभळं दोन्ही विरघळून तळाला गेलं. पाणी हललं. हरणांच्या नाकपुड्या फुलल्या.

अच्युतराव वाकले. मग त्यांनी मागे पाहिलं. म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती, तिच्या मागे तिची सून, नातवंडं, शहामृग, हरणं, आणि काठावर कधी आली कळलंच नाही अशी बाकीची कितीतरी जनावरं. हे उठले आणि बाजूला झाले.

"अहो, प्या," मी म्हणाले.

"ही मंडळी नऊ वर्षं थांबलीत गं."

"ती नंतर पितील. तुम्ही प्या. तुमच्या पाया पडते."

"असं कसं," ते म्हणाले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

तगारेसाहेबांनी माझ्या हाताखालून पुस्तक ओढलं, मिटलं, घड्याळात पाहिलं आणि जिन्यावरून खाली दिलं. मी धावत उतरले. शब्बीरभाईंनी पोत्याचं तोंड सुतळीने शिवून टाकलं होतं.

"भाई, एकच पुस्तक काढून द्या. वाटेल ते मागा."

"ताई, साहेबांनी लिहून घेतलंय," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "हे पोतं पेपर मिलमध्येच उघडायचं. तिकडे लगद्यासाठी मालाची वाट बघतायत."

त्यांनी पोतं सायकलच्या कॅरियरवर बांधलं. मी त्याला कान लावला. आत पाणी पिण्याचा आवाज येत होता, खूप तोंडांचा. सायकल निघाली. बाजारपेठेतून लोक बघत होते आणि मी पोत्याला दोन्ही हातांनी धरून, कान तसाच लावून, अनवाणी तिच्याबरोबर धावत होते. मिलचं धुराडं दिसायला लागलं तेव्हा आतून ह्यांचा आवाज आला. घसा पार बसला होता, पण शब्द स्पष्ट होते. ते कोणाला तरी सांगत होते, "तुम्ही घ्या आधी. मला काही घाई नाही."