वाऱ्यावर ढकललेला दोष

मित्रांनो, माझं नाक विमानाचं, शेपटी विमानाची, पोटातलं इंजिनही मोडीत काढलेल्या विमानाचंच. तरी मी विमान नाही. मी एक जुनी गाडी आहे, जमिनीवर सगळ्यांत वेगाने पळण्याचा विक्रम करायला बांधलेली. माझ्या रूपाचं कौतुक मला सांगू नका, ते पुष्कळ ऐकून झालं आहे.

मला तीन भावंडांनी पत्र्याच्या शेडमध्ये बांधलं. थोरला विमानं दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याला सगळे दादा म्हणत. धाकटा वैमानिक, मला चालवणार होता तोच. मधली ताई शिवणकाम करायची. मला थांबवायला मागे उघडणारी छत्री तिने शिवली. एक टाका सैल दिसला तर अख्खी शिवण उसवायची.

माझ्या नाकाशी दोन आखूड पंख आहेत. विमानाचे पंख विमानाला उचलतात, माझे मला जमिनीवर दाबून धरतात. ते फिरवायला बैठकीपाशी एक दांडा आहे. दादाने तो विमानातल्यासारखाच बसवला. ढकलला की नाक खाली, ओढला की नाक वर.

ताईने एकदा आत बसून तो हलवून पाहिला.

"दादा, हा उलटा बसव. ओढला की नाक खाली गेलं पाहिजे."

"का गं बाई? तू कधीपासून विमानं बांधायला लागलीस?"

"हे विमान नाही, म्हणूनच सांगतेय. विमानात काही बिघडलं की हा आपला धाकटा काय करतो? दांडा ओढून वर पळतो. इथे वर गेला तर संपलाच."

धाकटा हसला. "ताई, वीस वर्षांची सवय आहे हाताला. उलटं केलं तर मीच गोंधळेन."

"मग हाताला नवी सवय लाव. डोकं काय नुसती टोपी घालायला दिलंय?"

दोघे भाऊ पोट धरून हसले. दांडा तसाच राहिला. खोटं कशाला बोलू, मलाही आपल्या विमानपणाची घमेंड होतीच.

कोरड्या तळ्याच्या सपाट मैदानावर मी पळाले. सकाळची वेळ, खांबावरचं निशाण मेल्यासारखं लोंबत होतं. निम्मी धाव झाली आणि माझं पुढचं चाक जमिनीच्या भेगेवरून उडालं. एवढंच. मला दाबायला हवं होतं. धाकट्याच्या हाताने दांडा मागे ओढला.

नाक उठलं, पोटाखाली हवा शिरली आणि मी उडाले. ताईची छत्री उघडली, तिचा एक टाका तुटला नाही. पण हवेत पालथ्या झालेल्या गाडीला छत्री काय थांबवणार?

धाकटा जागीच गेला.

चौकशीत दादाने सांगितलं, वाऱ्याचा झोत आला. ताई गप्प बसली. एक भाऊ गेला, दुसऱ्याला कुठे उभं जाळायचं, असं तिला वाटलं असेल. माझे पोचे ठोकून, रंग लावून मला संग्रहालयात ठेवलं. पाटीवर अपघाताचं कारण म्हणून वारा लिहिला. पुढे लोकही येईनासे झाले.

परवा मात्र एक मुलगी दादा आणि ताईला सोबत घेऊन आली. तिचं अशीच गाडी बांधणं चाललं आहे, चालवणारही तीच. तिने माझा पंख न् पंख मोजला. दांडा हलवून दादाला विचारलं, "काका, ओढला की नाक वर ना? मीही असाच बसवतेय."

"हो," दादा म्हणाला.

शेजारी ताई काठी टेकून उभी होती. "पुढचं सांग," ती म्हणाली. "सांग रे. आता कोणाची लाज राखतोस? हिचीही आई असेल ना घरी!"

दादाने खाली बघत सगळं सांगितलं. ताईचं बोलणं, त्याचं हसणं, सगळं. मुलीने वहीतलं चित्र खोडलं आणि दांडा उलटा काढला.

मित्रांनो, तुम्ही मला नव्याने रंगवायला आला आहात, माझ्यावरची धूळ पुसायची तर पुसा. पण पाटीवर अजून वाराच आहे. तुमच्यात ज्याचं अक्षर बरं असेल त्याने आधी ती बदलावी. माझा रंग थांबेल, मला कुठे जायचंय?