हुलगा बांधणारं फडकं

मी एक जुनं, पांढरं सुती फडकं आहे. पांढरं म्हणायचं ते जुन्या ओळखीवर. आता माझा रंग ताकासारखा झाला आहे आणि मधोमध हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पाण्याचा तपकिरी डाग पडला आहे. तो घासून काढायच्या भानगडीत कोणी पडू नये. मला तो आवडतो.

मित्रांनो, फडकं म्हटलं की तुम्ही नाक मुरडता, हे मला ठाऊक आहे. पण मी जन्माने फडकं नाही. मी लुगडं होते. सांगवीच्या रंगुबाईनं मला बारामतीच्या बाजारातून आणलं, ते वैशाखी पौर्णिमेला विहारात पांढरं नेसून जायचं म्हणून. एरवी मी पेटीत असे. पौर्णिमेला बाहेर निघे, मेणबत्त्यांच्या उजेडात मिरवे आणि परत घडी होऊन पेटीत जाई. तेव्हा माझी ऐट काही विचारू नका.

पुढे काठ विरले, निऱ्यांपाशी फाटले. रंगुबाईनं मला टाकलं नाही. पदराकडचा चांगला तुकडा फाडून घेतला, उकळत्या पाण्यातून काढला आणि हातानं चाचपून म्हणाली, "लय मऊ हाय. हुलग्याला ब्येस व्हईल."

तिचं माहेर मोरगावकडचं. तिकडं पाऊस बेताचा, पण हुलगा हटून येतो. तो माहेराहून पिशवीत यायचा. रात्रभर भिजवलेला हुलगा सकाळी निथळून रंगुबाई माझ्यात बांधायची, खुंटीला टांगायची आणि येता-जाता पाण्याचा हबका मारायची. आत दाणे फुगायचे, एकमेकांना ढकलायचे आणि मग माझ्या विणीतून इवले कोंब बाहेर डोकवायचे. त्या गुदगुल्या आठवल्या तरी अजून बरं वाटतं. उसळ झाली की मला धुऊन, उन्हात वाळवून, तीच उसळ आणि भाकरी माझ्यात बांधून ती खुरपणीला जायची.

एकदा बांधावर बायका जेवायला बसल्या होत्या. शेजारच्या द्वारकाबाईनं माझ्यात डोकावून पाहिलं आणि हसत म्हणाली, "रंगे, बैलाच्या पाटीतलं आणलंस व्हय?"

आमच्याकडे औताच्या दिवसांत बैलाला हुलगा शिजवून घालतात, म्हणून ती थट्टा. द्वारकाबाईच्या मनात काही वाईट नव्हतं, तिनं लगेच आपली चटणीही रंगुबाईच्या भाकरीवर घातली. सगळ्यांबरोबर रंगुबाईही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांकडे पाठ करून जेवू लागली. माझी दोन्ही टोकं वर ओढून धरायची, आतलं कोणाला दिसू नये म्हणून. लपवायचं काम माझ्या वाट्याला आलं, याचं मला वाईट वाटे.

त्याच हुलग्यावर तिचा मुलगा बुद्धघोष वाढला, शिकला आणि बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला लागला. घरात गॅस आला, मिक्सर आला. रंगुबाईनं सुनेला, ज्योत्स्नाला, निक्षून सांगितलं, "आता ह्या घरात हुलगा यायचा न्हाय. माझ्या नातवंडांनी बैलाचं खायाचं न्हाय." आणि मला मिक्सरवर झाकण म्हणून घातलं. मिक्सर स्वभावाने भला, पण आरडाओरडा फार करतो. मी धूळ अंगावर घेत गप्प बसले.

बुद्धघोषची मुलगी साक्षी नववीत गेली. पळण्यात ती शाळेत सगळ्यांच्या पुढे. त्या वर्षी पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, ती विहारात पंचशील म्हणून घरी आली आणि तिनं मटण, अंडी सोडली. घरात कोणावर तसं बंधन नव्हतं, रविवारी रस्सा शिजायचाच. ती म्हणाली, "मी रोज म्हणते की जीव मारणार नाही, आणि रविवारी वाटी पुढं करते. मला नाही जमत ते." रंगुबाईला नातीचं कौतुकच वाटलं.

पण सोडलं त्याच्या जागी काय घ्यायचं, याचा विचार कोणीच केला नाही. आमच्या भागात दुधाला तोटा नाही, त्यामुळे दूध म्हणजे ताकद अशी घरोघर समजूत. साक्षीच्या पोटात जायचा भात, बटाटा, बिस्किटं आणि जेवण होताच कपभर दुधाचा चहा. तिचा चेहरा हळूहळू माझ्यासारखा पांढरा पडत गेला. जिना चढताना धाप लागू लागली. एके दिवशी सरावात चक्कर येऊन ती मैदानातच बसली.

बुद्धघोष घाबरला आणि घाबरलेला बाप रागावतो. "शाळेच्या स्पर्धेपर्यंत बघतो मी. तवर तब्येत सुधरली न्हाय तर एकतर मटण खायचं, न्हायतर पळणं बंद." साक्षीला ना आपलं शील मोडायचं होतं, ना पळणं सोडायचं होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. त्या काय म्हणाल्या, ते ज्योत्स्नानं घरी येऊन ओट्यापाशी सांगितलं, म्हणून मला कळलं. रक्त कमी होतं. लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच, एवढी तूट नुसत्या खाण्यानं भरायची नाही. बी-ट्वेल्व्हची गोळीही हवी, ते डाळी-भाजीतून मिळत नाही. दूध चांगलं, पण त्यात लोह नसल्यातच जमा. मांस न खाता पळता येतं, पण मोडाची कडधान्यं, पालेभाज्या आणि वर लिंबू रोज ताटात पाहिजे. चहा जेवणापासून लांब.

"हुलगा मिळतो का म्हणून विचारलं त्यांनी," ज्योत्स्ना म्हणाली. रंगुबाई उठून अंगणात गेली.

ज्योत्स्नानं हुलगा आणला. बिचारीनं तो भिजवला आणि पाण्यासकट स्टीलच्या डब्यात गच्च झाकून ठेवला. डबा उघडला तेव्हा घरभर आंबूस वास सुटला. तिनं तो उकिरड्यावर टाकला आणि पुन्हा भिजवला, पुन्हा डब्यात घातला. रंगुबाई दारातून बघत होती. तिला सगळं येत होतं आणि तोंड उघडवत नव्हतं. मिक्सरवर बसून मी नुसती तळमळत होते.

शेवटी साक्षीनंच विचारलं, "आजी, तुला येतं ना मोड काढायला?"

"येतंय. पर तुला न्हाय घालायचं मी त्ये. बैलाचं खानं हाय. लोकं हसली मला."

"बैल चक्कर येऊन बसलेला पाहिलास का गं तू कधी?"

रंगुबाईला असं हसू फुटलं, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं. ती उठली आणि तिनं मला मिक्सरवरून ओढलं. "डब्यात कोंडून मोड येत न्हाईत, सूनबाई. त्याला वारा लागतो." मला पुन्हा उकळत्या पाण्यातून काढलं. पोळले, पण इतकी कृतज्ञ मी त्याआधी कधी नव्हते.

मग हुलगा, मटकी, चवळी असं आलटून पालटून माझ्यात येऊ लागलं. उसळीवर लिंबू पिळलं जाऊ लागलं, चहा जेवणापासून लांब गेला आणि गोळ्याही नेमानं चालू राहिल्या. साक्षीच्या गालांवर रंग यायला काही महिने लागले. डॉक्टरबाईंनी पुन्हा रक्त तपासून पळायला परवानगी दिली. त्या दिवशी बुद्धघोषनं पहिल्यांदाच उसळीची वाटी दोनदा भरून घेतली.

स्पर्धा इंदापूरला होती. साक्षी चौथी आली. बक्षीस नाही मिळालं, पण शेवटची फेरी तिनं न थांबता पळून काढली आणि रेषेपलीकडे गेल्यावरही पायांवर उभी राहिली. बुद्धघोष तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "बुटाचा तळ झिजलाय की तुझ्या. नवं घ्यायला पायजेत." पळणं चालू राहणार, हे तिला तेवढ्यावरून कळलं.

मित्रांनो, मला फार काही मागायचं नाही. जुनं सुती कापड घरात असेल तर ते टाकू नका. ते स्वच्छ धुवा, उन्हात वाळवा, त्यात मोडासाठी कडधान्य बांधा. एखादं अन्न सोडायचं ठरवलंत तर त्याच्या जागी काय येणार, तेही त्याच दिवशी ठरवा. आणि ज्या घासानं तुम्हाला वाढवलं, त्याची लाज बाळगू नका.

स्पर्धेच्या दिवशी इंदापूरच्या मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखाली, रंगुबाईनं मला उसळ-भाकरीसकट मांडीवर घेतलं. आजूबाजूला इतर मुलींच्या आया डबे उघडत होत्या. मी सवयीनं वाट पाहत होते, आता ही पाठ फिरवेल, माझी टोकं वर ओढेल. तिनं मला जमिनीवर चारी बाजूंनी सपाट पसरलं.

"काय आणलंय ओ आजी?" शेजारच्या एका बाईनं विचारलं.

"हुलगं हाय," रंगुबाई मोठ्यानं म्हणाली. "या, बसा. समद्यांना पुरंल."