जिभेला हाड

माझ्या जिभेला हाड नाही, असं सासूबाईंचं मत आहे. नवऱ्याचंही आहे, पण तो ते खोलीचं दार लावून घेतल्यावर बोलतो. सरांनी मात्र त्याच जिभेवर मला पोटापाण्याला लावलं.

सरांच्या उत्खननावरचा माझा पहिला हंगाम होता. चाळणीत पांढरट तुकड्यांचा ढीग उरायचा आणि त्यात दगड कुठला, हाड कुठलं, हे काही केल्या कळेना. सरांनी एक तुकडा सदऱ्याला पुसला आणि सरळ जिभेला लावला. जुन्या हाडाला बारीक छिद्रं असतात, ते ओल शोषतं आणि जिभेला चिकटतं. दगड चिकटत नाही. "डोळे फसतात, जीभ नाही फसत," सर म्हणाले. तेव्हापासून तुकडा चिकटला नाही की आम्ही खड्ड्याच्या दोन टोकांवरून ओरडायचो, "जिभेला हाड नाही!" आणि तो फेकून द्यायचो. मी त्या माणसाची भक्तच झाले.

पुढे सर संग्रहालयाचे संचालक झाले, मीही तिथे कंत्राटावर लागले आणि त्यांना पंचेंद्रियांचा साक्षात्कार झाला.

भूतकाळ नुसता वाचायचा नाही, तो हुंगायचा, ऐकायचा, चाखायचा, असा प्रकल्प निघाला. कल्पना खरंच चांगली होती, म्हणून तर ती समितीकडे गेली. वासाच्या दालनात 'प्राचीन चूल' नावाची बाटली आली. तिच्या वासाने लॉजचं नुकतंच धुतलेलं न्हाणीघर आठवायचं. स्पर्शाच्या दालनात फायबरची मडकी होती आणि 'हात लावू नये' अशी पाटी, कारण रंग निघत होता. चवीच्या दालनाला कुलूप होतं. लोक तिथे कुलूप पाहून पुढे जात.

सगळ्यांत मान ऐकण्याच्या दालनाला. तिथे काचेच्या पेटीत हाडाची बासरी होती, सरांनी स्वतः खणून काढलेली. तिचा आवाज भिंतीतल्या स्पीकरमधून यायचा. तो एका वादकाने बाजारातल्या बासरीवर वाजवून दिला होता.

मला ती पेटीतली बासरी कधीच पटली नाही. झाडाच्या मुळाभोवती चुना साचतो, मूळ कुजून जातं आणि पोकळ नळी उरते. अशा नळ्या आम्ही टोपल्यांनी फेकल्या होत्या. हे मी कॅन्टीनमध्ये, जिन्यात, भांडारात, जिथे म्हणून कान दिसला तिथे बोलून दाखवलं. शेवटी सरांनी बोलावून घेतलं.

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"पेटी उघडा, सर. आत्ता सांगते."

"ती चाटायची वस्तू नाही!"

"पंचेंद्रियांचा प्रकल्प आहे ना?"

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अगं बाई, परवा तपासणीला समिती येतेय. प्रकल्प कायम झाला तर तुझी नोकरी कायम. नाहीतर मी निवृत्त झालो की तुला इथे दारात कोणी उभं करणार नाही. एवढा एक दिवस तोंड शिव."

दर वेळी कंत्राट वाढवून घ्यायला हात पसरून मी वैतागले होते. मला ती नोकरी हवी होती, अगदी हवी होती. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "तोंडात खडीसाखर धर. बोलणं कमी होईल आणि झालंच तर गोड होईल."

धरली. समिती आली, बाटली हुंगून शिंकली, कुलपाचं कौतुक केलं आणि बासरीपाशी थांबली. अध्यक्षबाई हौशी निघाल्या.

"तुम्ही लोक हाड म्हणे जिभेने ओळखता? दाखवा ना आम्हाला!"

"वस्तू नाजूक आहे," सर म्हणाले.

"अहो, पंचेंद्रियं ना तुमची?"

पेटी उघडावी लागली. सरांनी बासरी माझ्या हातात दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी ती जिभेला लावली. साखरेने चिकट झालेली जीभ खरं तर कशालाही चिकटली असती. बासरीला नाही चिकटली. मी पुन्हा लावली.

"मग? हाड आहे की नाही?"

खोटं बोलायला एक 'आहे' पुरत होतं. ते तोंडातून फुटेना, आणि सरळ 'नाही' म्हणायचा धीर होईना. आयुष्यात पहिल्यांदाच मी घाबरून बोलले.

"माझ्या जिभेला हाड नाही हो, बाई."

समिती खो खो हसली. "बाई विनोदी आहेत तुमच्या," अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या. "चला, हाड आहे, पुढे जाऊ." कुणाला काही कळलं नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि त्याची लगेच लाजही वाटली. फक्त सर हसले नाहीत. खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला तेवढेच होते ना.

त्यांनी माझ्या हातून बासरी घेतली, टाय बाजूला सारला आणि सगळ्या समितीसमोर जीभ बाहेर काढून तिच्यावरून फिरवली.

"माझ्याही नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे हाड नाही, बाई. नुसता चुना आहे, आणि तो मी तुम्हाला लावत होतो. सापडली त्याच दिवशी चाटून पाहिली होती मी."

मग त्यांनी ती नळी माझ्या हातात परत ठेवली.

"बघतेस काय? फेक."

माझी नोकरीही त्याच नळीत होती. मी फेकली.