ढवळीच्या गव्हाणीतली पन्नी

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे आणि मला गप्प बसणं जमत नाही. माझ्या झाकणाची एक कडी ढिली झाली आहे. त्यामुळे दप्तर जरा हललं की मी खडखडतो. लोकांना तो आवाज नकोसा वाटतो. पण काय करू, मला तेवढा एकच आवाज आहे!

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्यावर दणादण दाब पडले, कडा वळल्या, घासूनपुसून मला चकचकीत केलं. मग पारशिवनीच्या बाजारात एका दुकानात मी धूळ खात बसलो. तिथून प्रेमिलाच्या मामानं मला उचललं आणि तिच्या लग्नात आंदण म्हणून दिलं. पोटावर तिचं नाव कोरताना गुदगुल्या झाल्या, पण मान कशी ताठ झाली होती म्हणून सांगू!

लग्न होऊन प्रेमिला नागपूरला, प्रतापनगरात आली आणि माझे चांगले दिवस सुरू झाले. ती शिलाईच्या दुकानात कामाला जायची तेव्हा मी रोज तिच्यासोबत. माझ्यात कधी पाटवडी असायची, कधी झुणका-भाकर, कधी रात्रीच्या उरलेल्या भाकरीचा खमंग फोडणी दिलेला कुस्करा. "प्रेमिलाच्या घरी कणभर वाया जात नाही," असं सगळ्या बाया म्हणायच्या आणि मी फुगून बसायचो. पुढं तिची मुलगी पायल पाचवीत गेली आणि मी पायलचा झालो.

इथून माझ्या जीवाला घोर लागला. एकदा माझ्यातली अंबाडीची भाजी पाहून वर्गातल्या एका मुलीनं "ईऽऽ" करून नाक मुरडलं. झालं! त्या दिवसापासून पायल मला चारचौघांत उघडेना. मधल्या सुट्टीत ती रंगीत पाकिटातलं काहीबाही खायची. शाळा सुटली की माझ्यातलं सगळं प्लॅस्टिकच्या एका पन्नीत ओतायची, पन्नीला घट्ट गाठ मारायची आणि ती नत्थूच्या दारातल्या गव्हाणीत टाकायची. नत्थू आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतो. त्याची ढवळी गाय तिथंच बांधलेली असते आणि येताजाता लोक तिला घास देतात. पायललाही वाटायचं, आपण अन्न फेकलं थोडंच? गाईच्या मुखी तर घातलं! पन्नी एवढ्यासाठी की हात बरबटू नयेत आणि आत काय आहे ते कुणाला दिसू नये.

घरी प्रेमिला माझं रिकामं पोट पाहून हरखायची. शेजारच्या कुसुमताईंना हाक मारून सांगायची, "पाहा वं ताई, माही पोरगी कशी चाटूनपुसून खाते!" मला अगदी कानकोंडं व्हायचं. सांगणार तरी कसं? धुऊन उपडा ठेवला तरी मला चैन पडत नव्हतं.

आणि एक दिवस ढवळीनं चारा सोडला. तिचं पोट फुगलं, रवंथ थांबलं. गुरांच्या डॉक्टरांनी पावडरी दिल्या, पण उतार पडेना. त्या संध्याकाळी नत्थू आमच्या फाटकाशी आला, तोंड सुकलेलं.

"काय झालं गा भाऊ?" प्रेमिलानं विचारलं.

"डॉक्टर म्हणते, पन्नी खाल्ली असन तर पोट फाडा लागते. मी म्हटलं, माही गाय मोकळी सुटतच नाही, पन्नी कुठून खाईन? उगाच फाडू नका. पण वहिनी, ढवळी आता मानच उचलून नाही राहिली."

पायल दारातच उभी होती, मी तिच्या हातात. बोल! मी आतल्या आत ओरडत होतो. बोल की गं पोरी! तिचा हात थरथरू लागला आणि मी खडखडू लागलो. प्रेमिलानं वळून पाहिलं.

"काहून कापून राहिली वं?"

"आई, मी दिली पन्नी." पायल म्हणाली. "रोज देत होती. भाकर-भाजी बांधून."

प्रेमिलानं तिला खांद्याला धरून आपल्याकडं वळवलं. "मले सांगितलं काहून नाही?"

"तुले वाईट वाटलं असतं."

नत्थू पुढचं ऐकायला थांबलाच नाही. फोन कानाला लावून तो पळत सुटला.

सकाळी ढवळीच्या पोटातून पन्न्यांचा हा एवढा गोळा निघाला. काही पन्न्यांच्या गाठी तशाच होत्या, आत प्रेमिलाच्या हातची भाकर सडून गेलेली. पायल हमसून हमसून रडली. ढवळी वाचली, पण तिचं दूध आटलं, आणि नत्थू अजून पायलशी बोलत नाही. त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

आता पायल सकाळी ओट्याशी येऊन उभी राहते. "आई, आज अर्धीच भाकर दे. अंबाडी नको, पाटवडी कर." कधी स्वतःच कुस्करा फोडणीला टाकते, निम्मा जाळते आणि तोही मुकाट्यानं खाते. शाळेत कुणी नाक मुरडलंच तर खुशाल मुरडू देते. एखादा घास उरला तर तो माझ्यातच परत आणते. प्रेमिला जरा कुरकुर करते, मग मायलेकी तो वाटून खातात.

मित्रांनो, घरचं खा आणि पोटात मावेल तेवढंच वाढून घ्या. नावडलं तर आईला तोंडावर सांगा. ती घटकाभर रुसेल, मग दुसरं काही करून देईल. ढवळीचा जीव जायची वेळ आली, तरी तिला काय होतंय ते सांगता आलं नाही. तुम्हाला तर बोलता येतं ना!